धागा: अथेन्सच्या न्यायालयाचं यंत्र आणि प्लेटो-अरिस्टॉटलचा न्याय

घटिकापात्र (धागाकर्ता)

प्लेटोच्या 'रिपब्लिक'ची चर्चा निघाली की दोन-तीन प्रतिसादांत ती त्यातल्या गुहेच्या दृष्टांतात शिरते आणि तिथेच अडकते. म्हणून हा धागा मुद्दाम दुसऱ्या टोकाने सुरू करतोय. प्लेटो आणि अरिस्टॉटल न्यायाबद्दल लिहीत होते, त्याच शहरात न्याय प्रत्यक्ष केलाही जात होता: माणसं सोडतीने निवडून, पाणी मोजून, मतं मोजून. माझं म्हणणं असं की हे न्यायालय म्हणजे 'प्रत्येक नागरिकाचं डोकं एकच धरायचं' या तत्त्वाचं यंत्र आहे, आणि या दोघांचा न्यायविचार बराचसा त्या मोजणीशीच भांडतो. यंत्र माहीत नसलं की भांडण हवेतलं वाटतं.

तपशील मुख्यतः 'अथेन्सची राज्यव्यवस्था' या ग्रंथाच्या ६३ ते ६९ या प्रकरणांतले. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवरून तो १८९१ साली छापला गेला. अरिस्टॉटलचा स्वतःचा की त्याच्या शाळेतल्या कुणाचा, यावर अजून वाद आहे.

आधी माणसं. दर वर्षी ६००० नागरिकांची यादी व्हायची. पुरुष, वय किमान ३०, आणि सरकारी देणं थकलेलं नको. बायका, गुलाम आणि अथेन्समध्ये राहणारे परके (मेतोइकोस) बाहेर. शपथ अशी: कायद्यांप्रमाणे मत देईन, कायदा नसेल तिथे मला जे सर्वांत न्याय्य वाटेल त्याप्रमाणे देईन, दोन्ही बाजू सारख्याच ऐकेन. यांना इथे पंच म्हणू. खासगी दावा १००० द्राख्मांपर्यंतचा (द्राख्मा म्हणजे चांदीचं नाणं) असेल तर २०१ पंच, त्यावर ४०१. सार्वजनिक खटल्याला ५०१, फार मोठा असेल तर १००१ किंवा १५०१. न्यायाधीश नाही, सरकारी वकील नाही, पंचांनी आपसात खल करायचा नाही, अपील नाही. अध्यक्षस्थानी अधिकारी असे, पण त्याचं काम कामकाज पुढे ढकलण्यापुरतं. कायदा समजावून सांगणं त्याच्याकडे नाही.

निवड सकाळीच. प्रत्येक पंचाकडे नाव कोरलेली पट्टी, तिच्यावर दहापैकी एका गटाचं अक्षर. नागरिकांच्या दहा जमाती होत्या, त्यांना प्रत्येकी दोन सोडतयंत्रं (क्लेरोतेरिओन). हे यंत्र म्हणजे उभी शिळा, तिच्यात खाचांचे पाच स्तंभ. एकेका स्तंभात एकेका अक्षराच्या पट्ट्या खोचायच्या. बाजूला नळी, तिच्यात वरून काळे-पांढरे फासे ओतायचे आणि खालून एकेक सोडायचा. पांढरा आला तर त्या आडव्या ओळीतले पाचही जण आत, काळा आला तर पाचही घरी. ५०० माणसं हवी असतील तर जमातीमागे ५०, म्हणजे प्रत्येक यंत्रात ५ पांढरे फासे. निवडलेल्याने मग एका भांड्यातून अक्षर असलेला ओक-फळाच्या आकाराचा गोटा उचलायचा. ते अक्षर म्हणजे त्याचं न्यायालय. त्या न्यायालयाच्या दाराच्या रंगाची काठी हातात मिळायची, म्हणजे भलत्या दारातून शिरलं तर लगेच दिसेल. कोणता खटला कोणत्या न्यायालयात, हेही सकाळीच सोडतीने ठरायचं.

मग पाणी. भाषणाचा वेळ भांड्यातून वाहणाऱ्या पाण्याने मोजायचे. मोजमाप 'खूस', साधारण सव्वातीन लिटर. ५००० द्राख्मांवरच्या दाव्यात पहिल्या भाषणाला १० खूस, उत्तराच्या भाषणाला ३. त्याखालच्या गटात ७ आणि २. अथेन्सच्या आगोरात (बाजारचौकात) दोन खूसचं एक मातीचं भांडं सापडलंय, ते सुमारे सहा मिनिटांत रिकामं होतं. त्या हिशोबाने मोठ्यातल्या मोठ्या खासगी दाव्यात एका बाजूला मिळून ४० मिनिटंसुद्धा नाहीत. कारकून कायदा किंवा साक्ष वाचत असेल तेव्हा भांड्याचं तोंड बंद करायचे. सार्वजनिक खटल्याला अख्खा दिवस, पाण्याने मोजून तीन भागांत वाटलेला: आरोप, बचाव, शिक्षा. तिथे पाणी थांबत नाही.

शेवटी मत. प्रत्येकाला दोन कांस्य चकत्या, मधून आरपार आस असलेल्या. एकीचा आस पोकळ (फिर्यादीसाठी), दुसरीचा भरीव (आरोपीसाठी). आसाची टोकं अंगठा आणि बोटात धरली की कोणती चकती कोणत्या हातात आहे ते शेजाऱ्याला कळत नाही. मोजायची चकती कांस्य घागरीत, उरलेली लाकडी घागरीत. समसमान मतं म्हणजे आरोपी सुटला. आणि मत टाकल्यावरच '३' कोरलेला बिल्ला हातात पडतो. तो दाखवला की दिवसाचं मानधन, तीन ओबोल. मत नाही तर पैसे नाहीत.

सांजवात

वाचून दम लागला. दोन शंका. एवढी कडेकोट सोडत कशासाठी? आणि सॉक्रेटिसच्या खटल्याला हेच सगळं होतं का?

मोडीवाचक

दुसरीपासून. नाही. घटिकापात्र यांनी वर्णन केलंय ते इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातलं. इ.स.पू. ३९९ मध्ये सोडतीची पद्धत बरीच साधी होती. एकूण आराखडा (शेकडो पंच, एक दिवस, गुप्त मत, दोन फेऱ्या) मात्र तोच.

कडेकोटपणाचं कारण लाच. त्याच ग्रंथात (प्रकरण २७) लिहिलंय की पंचांना पैसे चारणारा पहिला माणूस अनितोस, प्युलोस हे ठाणं हातचं गेल्याच्या खटल्यात. हाच अनितोस पुढे सॉक्रेटिसचा फिर्यादी. कोणता पंच कोणत्या दालनात बसणार हे सकाळपर्यंत कुणालाच माहीत नसेल तर पैसे द्यायचे कुणाला? सगळ्या ६००० जणांना कुणी चारू शकत नाही.

तीन ओबोल म्हणजे अर्धी द्राख्मा. पाचव्या शतकाच्या अखेरीस बांधकामावरच्या कारागिराची दिवसाची मजुरी सुमारे एक द्राख्मा. म्हणजे धडधाकट माणसाला हे परवडणारं काम नव्हे, म्हाताऱ्यांना आणि रिकाम्यांना बरं. अथेन्सचा पुढारी पेरिक्लेस याने सुरू केलं तेव्हा दोन ओबोल होते, तीन केले नंतरचा पुढारी क्लेओन याने.

अर्धवटराव

पाण्याबद्दल एक तांत्रिक भर. भांड्यातली पातळी उतरते तशी धार मंदावते. सरळ भिंतीच्या भांड्यातलं अर्धं पाणी एकूण वेळेच्या साधारण ३० टक्क्यांतच वाहून जातं, उरलेल्या अर्ध्याला ७० टक्के लागतात. त्यामुळे 'अर्धं पाणी गेलं, अर्धा वेळ संपला' असा अंदाज बांधणारा वक्ता घाबरून भाषण गुंडाळेल. घड्याळ म्हणून हे वाईट. पण दोन्ही बाजूंना तेच भांडं असल्यामुळे तुलना बिनचूक राहते, आणि त्यांना हवी होती तीच. आपल्या लग्नातलं घटिकापात्र बरोबर उलट चालतं: पाण्यात बुडत जातं आणि भरलं की २४ मिनिटांची एक घटका. धागाकर्त्याने नाव चुकीच्या संस्कृतीतलं घेतलंय :)

सांजवात

सॉक्रेटिसला नेमकी किती मतं पडली?

मोडीवाचक

प्लेटोच्या 'अपॉलॉजी'त, म्हणजे सॉक्रेटिसच्या बचावाच्या भाषणात (३६अ), सॉक्रेटिस म्हणतो की ३० मतं इकडची तिकडे झाली असती तर मी सुटलो असतो. पंच ५०० धरले तर २८० विरुद्ध २२०. (५०१ की ५०० हा वाद इथे नको, एका मताने काही बिघडत नाही.) लगेच पुढचं वाक्य बोचरं आहे: अनितोस आणि लिकोन मदतीला आले नसते तर मुख्य फिर्यादी मेलेतोसला एक पंचमांशही मतं मिळाली नसती. सार्वजनिक खटल्यात फिर्यादीला एक पंचमांश मतं पडली नाहीत तर त्याला १००० द्राख्मा दंड व्हायचा आणि पुन्हा तशी फिर्याद करायचा हक्क जायचा. २८० भागिले तीन फिर्यादी, माणशी ९३ आणि थोडं. ५०० चा पंचमांश १००. मरणाच्या दारात उभा राहून हा माणूस पंचांना भागाकार शिकवतोय.

दुसऱ्या फेरीत शिक्षा. या गुन्ह्याला कायद्याने ठरलेली शिक्षा नव्हती, अशा वेळी फिर्यादी एक शिक्षा सुचवतो आणि दोषी दुसरी. पंचांना त्या दोनांतलीच एक घ्यावी लागते, मधली काढता येत नाही. म्हणून शहाणा आरोपी पंचांना पटेल इतपत जड काहीतरी सुचवतो, हद्दपारी वगैरे. सॉक्रेटिसने आधी सुचवलं सरकारी खर्चाने जेवण, मग १ मिना, मग मित्रांच्या जामिनावर ३० मिना. ३० मिना म्हणजे ३००० द्राख्मा, रक्कम लहान नव्हती, पण तोवर पंच बिथरलेले. तत्त्वज्ञांचा चरित्रकार दिओगेनेस लाएर्तिओस सांगतो की मृत्युदंडाला आणखी ८० मतं वाढली. तो सहाशे वर्षांनंतरचा, तेव्हा मिठाच्या चिमटीसह.

पाटावरवंटा

मराठी वाचकाला इथे १९०८ चा टिळकांचा खटला आठवणारच, म्हणून फरक लिहून ठेवते. मुंबईत नऊ ज्यूरर होते, ७ विरुद्ध २ ने दोषी, आणि सहा वर्षांची शिक्षा न्यायमूर्ती दावर यांनी ठरवली. 'दोषी आहे का' हे ज्यूरी सांगते आणि 'किती शिक्षा' हे न्यायाधीश. अथेन्समध्ये दोन्ही त्याच गर्दीकडे, त्याच संध्याकाळी. दोन्हींना ज्यूरी म्हणून एका पंक्तीत बसवलं की हे निसटतं.

तिसरा डोळा

यंत्र छान, पण तत्त्वज्ञान कुठंय? 'रिपब्लिक'मध्ये न्यायालय जवळजवळ नाहीच.

घटिकापात्र

आहे, फक्त समोरच्या दारात उभं नाही. तिसऱ्या भागात (४०५) प्लेटो म्हणतो की डुलक्या काढणाऱ्या पंचाची गरज भासणं हेच वाईट शिक्षणाचं लक्षण. आठव्या भागात (५५८क) लोकशाहीवरचा आरोप: ती समान आणि असमान दोघांनाही सारखीच समानता वाटते. पहिल्या भागात सॉक्रेटिसशी वाद घालणाऱ्या थ्रासिमाखोसचं 'न्याय म्हणजे बलवानाचा फायदा' (३३८) घ्या. प्रत्येक सत्ता आपल्या सोयीचे कायदे करते, लोकशाही लोकशाहीचे करते, असं तो म्हणतो. ६००० पंचांच्या शहरात हे वाक्य म्हणजे 'बहुमत आपलं हित वटवतं आणि त्यालाच न्याय म्हणतं' असा थेट आरोप आहे.

(प्लेटोचे आकडे आणि अक्षरं १५७८ च्या आवृत्तीच्या पानांची. कुठल्याही भाषेतल्या बऱ्या आवृत्तीत समासात सापडतील. पान क्रमांक देण्यापेक्षा हे द्या, धागा वाचणाऱ्यांचा वेळ वाचतो.)

मोडीवाचक

आणि 'रिपब्लिक'चा संवाद घडतो ते घरसुद्धा बघा. पिराएउस बंदरातलं केफालोसचं घर. केफालोस परका, म्हणजे पंच व्हायचा हक्क नाही. त्याच्या कुटुंबाचा धंदा ढाली बनवण्याचा. तो म्हणतो, न्याय म्हणजे खरं बोलणं आणि घेतलेलं परत करणं. सॉक्रेटिस विचारतो, मित्राने शहाणा असताना ठेवायला दिलेलं शस्त्र तो वेडा झाल्यावर मागितलं तर? शस्त्रविक्याच्या घरात हा दाखला. त्याचा मुलगा पोलेमार्खोस म्हणतो, मित्राचं भलं आणि शत्रूचं वाईट. मूळ वाचकांना माहीत होतं की या पोलेमार्खोसला पुढे इ.स.पू. ४०४ मध्ये लोकशाही मोडून सत्तेवर आलेल्या 'तीस जणां'च्या राजवटीने खटला न चालवता विष प्यायला लावलं. धाकटा भाऊ लिसिआस निसटला. त्याच्या भाषणात लुटीची यादी आहे: ७०० ढाली, १२० गुलाम. आणि त्या तीस जणांचा पुढारी क्रितिआस प्लेटोचा आईकडून नातेवाईक. न्यायालय नको म्हणणाऱ्या शहाण्यांची राजवट कशी दिसते, हे प्लेटोने घरातच पाहिलं होतं.

तिसरा डोळा

हे मान्य. पण चौथ्या भागातली व्याख्या, 'प्रत्येकाने आपापलं काम करावं', मला आजही फसवी वाटते. संवादातल्या ग्लाउकोनने (प्लेटोच्या भावाने) विचारलं होतं की गुप्त राहायची अंगठी मिळाली तर माणूस चोरी का करणार नाही. प्लेटो उत्तर देतो आत्म्याच्या तीन भागांचं: विवेक, तेज, वासना, तिन्ही आपापल्या जागी म्हणजे न्याय. प्रश्न बाहेरच्या वागण्याचा, उत्तर आतल्या घडीचं. प्लेटोचा अभ्यासक डेव्हिड सॅक्स याने १९६३ मध्ये हेच मांडलं: दोन गोष्टी सिद्ध करायला हव्या होत्या. एक, आतून नीट असलेला माणूस चोरी करणार नाही. दोन, चोरी न करणारा आतून नीट असतो. ४४२इ-४४३अ मध्ये प्लेटो फक्त यादी देतो (ठेव गिळंकृत करणं, देवळं लुटणं, शपथ मोडणं, व्यभिचार) आणि ग्लाउकोन 'अर्थातच' म्हणतो. पहिल्याचं निदान ठासून सांगणं तरी आहे, दुसऱ्याचा तर पत्ताच नाही.

घटिकापात्र

पहिल्यासाठी सहाव्या भागात (४८५) थोडं खत आहे: ज्याची ओढ ज्ञानाकडे वळली त्याच्या बाकीच्या ओढी आटतात, पाट वळवल्यावर पाणी दुसरीकडे कमी पडावं तशा. म्हणजे तो चोरी करत नाही कारण त्याला ते हवंच नसतं. हे तत्त्वज्ञाला लागू पडतं, चांभाराला नाही. दुसऱ्याला माझ्याकडेही उत्तर नाही.

पाटावरवंटा

मूळ विधानाला माझी हरकत अशी की अरिस्टॉटल या यंत्राशी भांडत नाही, तो त्याची जागा नेमून देतो. 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'च्या पाचव्या भागात दोन वेगळे हिशोब आहेत, आणि वाचणारे हमखास त्यांची सरमिसळ करतात.

पहिला, वाटणीचा. पदं, मान, पैसा वाटताना प्रमाण बघायचं: माणसा-माणसांतलं गुणोत्तर तेच वाट्यांमधलं. दुसरा, दुरुस्तीचा. दोघांकडे १०-१० आहेत, एकाने दुसऱ्याचे ४ उचलले, झाले १४ आणि ६. मध्य १०, म्हणून १४ मधून ४ काढून परत. इथे तो स्पष्ट म्हणतो की भल्याने वाईटाला लुबाडलं की वाईटाने भल्याला, कायदा बघत नाही, दोघांना समान धरतो (११३२अ). म्हणजे खासगी दाव्यात डोकी सारखीच मोजायची. चूक होते ती दुरुस्तीचा हिशोब पदांना लावला की, किंवा वाटणीचा हिशोब चोरीला लावला की.

पण दुरुस्तीचा हिशोबही आंधळा नाही. अधिकाऱ्याने कर्तव्य म्हणून मारलं तर उलट फटका द्यायचा नाही, आणि अधिकाऱ्याला मारणाऱ्याला नुसता फटका पुरत नाही (११३२ब). 'जशास तसं' यालाच तो न्याय मानत नाही.

वाटणीत भांडण कशाचं? प्रमाण कशाचं धरायचं याचं. 'राजनीती'च्या तिसऱ्या भागात (१२८०अ) श्रीमंतांचा युक्तिवाद येतो: १०० मिनांच्या भांडवलात १ मिना घालणाऱ्याला ९९ घालणाऱ्याइतका वाटा कसा? लोकशाहीवाले म्हणतात, आम्ही सगळे जन्माने स्वतंत्र, म्हणून सगळ्यात समान. अरिस्टॉटलचं उत्तर दोघांनाही झोंबणारं आहे: शहर ही भागीदारीची पेढी असती तर श्रीमंत बरोबर ठरले असते, पण शहर चांगलं जगण्यासाठी असतं. बासऱ्या वाटायच्या तर उत्तम वाजवणाऱ्याला द्या, कुलीन किंवा देखण्याला नको (१२८२ब).

अर्धवटराव

त्याच ग्रंथाच्या सहाव्या भागात (१३१८अ) आकड्यांचं एक उदाहरण आहे, ते कुणी सोडवून बघत नाही. श्रीमंत १०, गरीब २०. एका बाजूला ६ श्रीमंत आणि ५ गरीब, दुसऱ्या बाजूला १५ गरीब आणि ४ श्रीमंत. नियम असा: ज्या बाजूची एकूण मालमत्ता जास्त, ती जिंकते. डोकी मोजली तर ११ विरुद्ध १९.

आता एका श्रीमंताचं वजन गरिबाच्या किती पट, हे तो सांगत नाही. दुप्पट धरा: १७ विरुद्ध २३, गरिबांची बाजू जिंकते. तिप्पट: २३ विरुद्ध २७, तरी तीच. पाचपट: ३५ विरुद्ध ३५, बरोबरी. सहापट: ४१ विरुद्ध ३९, आता श्रीमंतांची. म्हणजे निकाल पाचपटीवर पालटतो. वर्ग फुटून मिसळले असतील तर संपत्तीला वजन देऊनही बहुसंख्यांना जिंकायला भरपूर जागा राहते. सगळे श्रीमंत एकीकडे आणि सगळे गरीब दुसरीकडे गेले तर मात्र दुपटीलाच बरोबरी, १० दुणे २० विरुद्ध २०. आणि बरोबरी झाली तर अरिस्टॉटल म्हणतो, सोडत काढा.

सांजवात

म्हणजे फिरून यंत्र आलंच. मग डोकी मोजण्यात नेमकं बिघडतं कुठे, त्याचा एखादा पक्का दाखला?

मोडीवाचक

इ.स.पू. ४०६, आर्गिनुसाई बेटांजवळची लढाई. अथेन्सच्या आरमाराने ती जिंकली, पण वादळामुळे बुडणाऱ्यांना वाचवता आलं नाही. आठ सेनापतींवर ठपका. खटला न्यायालयात नाही, थेट सगळ्या नागरिकांच्या सभेत, आणि आठही जणांसाठी एकच मतदान. वेगवेगळा बचाव नाही, पाणी नाही. कुणी कायदा दाखवला तर 'लोकांना हवं ते करू द्या' असा गलका. त्या दिवशी कार्यकारी मंडळात असलेल्या सॉक्रेटिसने विरोध केला, उपयोग झाला नाही. आठही दोषी, हाती लागलेले सहा मारले, आणि पुढे अथेन्सला पस्तावा झाला. मोजणी इथेही होतीच. नव्हतं ते सोडत, पाणी, शपथ आणि प्रत्येकाची स्वतंत्र सुनावणी. म्हणून 'प्लेटो लोकांच्या न्यायाविरुद्ध' असं सरसकट म्हणताना कोणत्या लोकांच्या, कोणत्या पद्धतीने, हे विचारावं.

घटिकापात्र

पाटावरवंटा यांची दुरुस्ती घेतो, आणि त्याच धाग्याने प्लेटोचं शेवटचं पुस्तक, 'लॉज', पुढे करतो. यात ५०४० कुटुंबांचं शहर आहे (१ ते १० पैकी कशानेही भाग जातो, म्हणून हा आकडा). इथे तो दोन समानता सांगतो: मापाची, जी सोडतीने साधते, आणि खरी, जी प्रत्येकाला त्याच्या योग्यतेनुसार देते. लोकांची नाराजी टाळण्यासाठी सोडतही थोडी वापरावी लागेल, असं तो कुरकुरत मान्य करतो (७५७). पण न्यायालयाबद्दल सूर वेगळा आहे: न्यायदानात ज्याला वाटा नाही त्याला आपण शहराचे आहोत असंच वाटत नाही (७६८ब). म्हणून जमातींची न्यायालयं सोडतीने नेमायची, वर निवडक न्यायाधीशांकडे अपील.

आणि मुका पंच त्याला नको. जे दोन्ही पक्षांनी सांगितलं त्यापलीकडे एक शब्द न बोलणारा माणूस निवाडा करायला पुरेसा नाही (७६६ड). मृत्युदंडाच्या खटल्याची पद्धत ८५५-८५६ मध्ये: भाषणं झाली की न्यायाधीशांनी वयाच्या क्रमाने उलटतपासणी करायची, महत्त्वाचं सगळं लिहून सह्या करून चुलीची देवता हेस्तिया हिच्या वेदीवर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा, मगच मत. 'अपॉलॉजी'त (३७अ) सॉक्रेटिसची तक्रार होती की इतरत्र मृत्युदंडाचा निवाडा एका दिवसात करत नाहीत, तसा कायदा तुमच्याकडे असता तर मी तुमची समजूत घालू शकलो असतो.